शंकेच्या सात पेशी

टिकटिककाकांकडे पहिल्यांदा लक्ष जायचं ते कानांनी. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, तपासण्यांचे रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं बाकावर ताटकळत बसलेली असत. भिंतीपलीकडून आवाज यायचा: टिक, टिक, टिकटिक, टिक, आणि चार-पाच मिनिटांनी एक बारीक घंटी. नव्या माणसाला वाटायचं, आत कोणी जुन्या यंत्रावर पत्र टंकतंय. पाय मोकळे करायला उठून दाराच्या काचेतून डोकावलं, की दिसायची एक पाठ. किंचित वाकलेली, पांढऱ्या कोटातली, आणि मानेवरचे केस पट्टी लावून कापल्यासारखे सरळ. डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले. उजवा हात फोकसच्या चाकावर, डावा हात पाच बटणांच्या एका लहानशा यंत्रावर. हलायची ती फक्त बोटं.

ती पाच बटणं म्हणजे पेशींच्या जाती. चार ठरलेल्या आणि पाचवं ‘इतर’. डोळ्यांना जी दिसेल तिचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजते. एकतीस वर्षं काका ती घंटी वाजवत आले होते. रक्त, थुंकी, मणक्यातलं पाणी, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे जास्त करून यायचं ते गुडघ्यातलं पाणी. सुजलेल्या गुडघ्यात सुई घालून डॉक्टर ते काढत, नळीत भरून पाठवत, आणि काका सांगत की आत कोण कोण जमलंय.

त्यांचं नाव पगाराच्या पावतीवर असेल तेवढंच. सगळे पाठीमागे टिकटिककाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. हाताखाली एक तंत्रज्ञ होती, घाऱ्या डोळ्यांची, म्हणून तिला सगळे घारीच म्हणत. तिला शिकवताना काका म्हणाले होते, “हे बघ, मोजणीच्या काचेवर आखलेल्या चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली पेशी आपली. खालच्या आणि उजव्या रेघेवरची शेजाऱ्याची. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

“आणि शेजाऱ्यानेही सोडली तर?”

“शेजारी आपणच असतो गं. पुढचा चौकोन मोजणारा दुसरा कोण येणारे?”

घारी हसली. काकाही हसले, पण त्यांचं हसू नेहमी एका ओठाचं असे. दुसरा ओठ कामावर.

त्यांचं घर इस्पितळापासून सात मिनिटांवर. चौथा मजला, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. घर बायकोने पसंत केलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इस्पितळाची मागची बाजू दिसायची आणि तिच्यात काकांच्या खोलीचा दिवा. “तुमचा दिवा विझला की मी चहाचं आधण ठेवते,” असं ती सांगायची, “तुम्ही दारात आणि चहा कपात.” आठ वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या आजारात तिच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच काकांनी वाचली नव्हती. ओळखीच्या माणसाचा नमुना आपण वाचायचा नाही, बाजूला ठेवायचा, हा तिथला नियम. काच बाहेर गेली, चार दिवसांनी कागद आला. लोकांना उत्तर द्यायला काकांना वीस मिनिटं लागत. स्वतःच्या घरचं उत्तर कळायला त्यांनी चार दिवस बाकावरच्या माणसांसारखी वाट पाहिली.

ती गेल्यावर घरात बदललं काहीच नाही. खुर्च्या दोनच राहिल्या. रविवारी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावी, मुलाकडे, तळमजल्यावरच्या बंगलीत. ताईचा आवाज इतका खणखणीत की काका फोन कानापासून वीतभर लांब धरत. आठवड्यात घरात बोललं जाणारं जवळजवळ सगळं त्या अर्ध्या तासात बोललं जाई.

मग उजवा गुडघा बोलू लागला. आधी नुसता कुरकुरला, मग सुजला, मग पायऱ्या उतरताना असा काही कळवळला की काका कठड्याला धरून खेकड्यासारखे आडवे उतरू लागले. चढताना प्रत्येक मजल्यावर थांबा. सामान एका वेळी पाव किलोच्या वर आणायचं नाही, हे त्यांनी कोणी न सांगता ठरवलं. विसरलेली वस्तू दुसऱ्या दिवसावर गेली. मग रविवारचं फिरणं गेलं. मग रविवार खिडकीतच जाऊ लागला.

“अरे, तुझा गुडघा आहे की सरकारी फाइल?” ताई फोनवर म्हणाली. “वरही जात नाही, खालीही येत नाही! नवा बसवून घे की. आमच्या विहीणबाईंनी दोन्ही बसवले, आता रस्त्याने अशा चालतात की मीच मागे.”

“ताई, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा कागद पाहिला आणि नाही म्हणाले.”

“मग गोळ्या?”

“गोळ्यांनी पोट गेलं.”

“मग इकडे ये. इथे एक पायरी आहे, ती पण फोडून टाकू.”

ताईचा जीव तीळतीळ तुटत होता हे काकांना कळत होतं. पण ताईकडे जायचं म्हणजे काम सोडायचं, आणि हे घरही. साठीनंतरही इस्पितळाने त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं ते त्यांच्या डोळ्यांसाठी. गुडघा आणखी दोन-तीन वर्षं चालला, तर ते दोन-तीन वर्षं तसेच राहू शकणार होते. त्यांना याहून जास्त काही नको होतं.

त्याच सुमारास सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी एक अभ्यास सुरू केला होता. काका त्यात पहिल्यापासून होते, पण मोजणारे म्हणून. झिजलेल्या गुडघ्याच्या साठ रुग्णांना एक नवीन इंजेक्शन द्यायचं होतं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कोणाला कळणार नाही. औषध लागू पडेल की नाही हे अजून सिद्ध व्हायचं होतं. एका सोमवारी डॉक्टरबाई काकांना लंगडताना बघून म्हणाल्या, “काका, तुम्हीच का येत नाही यात? अजून तीन जागा आहेत. शनिवारी नोंदणी बंद.”

काकांनी संध्याकाळी आपणहून ताईला फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून ती आधी घाबरलीच.

“काही नाही गं. एक औषध निघालंय.”

“गुडघ्यावर? कसलं?”

“आता कसं सांगू तुला... समज, घरात काचेचं भांडं फुटलं. काच उचलायला माणसं बोलावली. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजते ना, तिचे कण पडतात, ते उचलायला रक्तातल्या भक्षक पेशी येतात. शरीराच्या झाडूवाल्याच म्हण. त्यांचं कामच ते.”

“बरं.”

“तर माणसं आली, काच उचलली, पण परत गेलीच नाहीत. तिथेच ठाण मांडलं. आरडाओरडा करून आणखी चार जणांना बोलावलं. त्या गोंधळात फरशीही उखडायला लागली.”

“म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या माहेरची माणसं.”

काका बऱ्याच दिवसांनी दोन्ही ओठांनी हसले. “हो, तसंच. तर हे औषध त्यांना गप्प करतं. मारत नाही, नुसतं शांत बसवतं. पण ज्यांच्या गुडघ्यात या पेशींची गर्दी आहे त्यांनाच ते देऊन बघायचंय. शंभरात चाळीस तरी हव्यात. नुसत्याच झिजलेल्या, थंड गुडघ्याला घेणार नाहीत.”

“आणि तुझ्या गुडघ्यात गर्दी आहे?”

“ते मोजल्यावर कळेल.”

“मोजणार कोण?”

“कोणीतरी मोजेल,” काका म्हणाले.

मंगळवारी ते स्वतः पलंगावर आडवे झाले. सुई बघून त्यांनी डोळे मिटले तशी जुनी सिस्टर म्हणाली, “काय हो काका, जन्मभर लोकांचं पाणी जोखलंत, आणि आज तुमच्याच तोंडचं पाणी पळालं?” सुई आत जाताना एका शिरेला लागली. डॉक्टरबाईंनी “सॉरी, सॉरी” म्हणत ती किंचित मागे घेतली. नळीत पिवळसर पाणी उतरलं आणि त्याच्या कडेने लाल धागा. काकांनी तो पाहिला. नळीवर नाव नव्हतं. नुसती आकड्याची चिठ्ठी चिकटवून ती इतर नळ्यांत जायची होती.

खरं तर अशी प्रत्येक काच दोघांनी वाचायची होती, काकांनी आणि घारीने. पण घारी बाळंतपणाच्या रजेवर होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “सध्या तुमची एकट्याची मोजणी धरू. ती आली की सगळ्या पुन्हा वाचेल.”

गुरुवारी सकाळी पाच नळ्या आल्या. चौथीत लाल धागा होता.

काकांनी ती उजेडात धरली आणि परत स्टँडमध्ये ठेवली. नियम सरळ होता. नळी बाजूला ठेवायची, वहीत लिहायचं, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिकडून उत्तर यायला दहा दिवस. नोंदणी बंद व्हायला दोन. त्यांनी पहिल्या तीन नळ्यांच्या काचा केल्या, रंगवल्या, वाचल्या. मग पाचवीची. मग उठून हात धुतले, गरज नसताना. मग चौथीची काच केली.

नजर काचेवर गेली आणि ते थोडा वेळ बटणावर बोट न ठेवता नुसतेच बघत राहिले. जांभळ्या केंद्रांच्या, फिकट निळ्या अंगाच्या पेशी, हजारो वेळा पाहिलेल्या. पण या त्यांच्या होत्या. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे इतकं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. आज ते स्वतःच पाहत होते. आत बरीच वर्दळ होती. घर रिकामं आणि गुडघा भरलेला, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी यंत्र शून्यावर आणलं.

टिक. टिक. भक्षक पेशी ओळखायच्या त्या अंगाने मोठ्या, केंद्र घेवड्याच्या बीसारखं खाच पडलेलं, आणि पोटात गिळलेल्या कणांचे फुगे. त्यांचं बटण मधल्या बोटाचं. पहिल्या तीसेक पेशी सरळ होत्या. मग एक आली: मोठी, फुगे असलेली, पण केंद्राची खाच धड दिसेना. सांध्याच्या अस्तरातून सुटलेली पेशीही कधीकधी अशी दिसते. अशा वेळी काकांची पद्धत ठरलेली होती. फोकस वरखाली करायचा, तेल टाकून मोठ्या भिंगाने बघायचं, आणि निर्णय घ्यायचा. एकतीस वर्षांत अशा दहांतल्या नऊ भक्षकच निघाल्या होत्या.

त्यांनी फोकस फिरवला. खाच दिसल्यासारखी वाटली. पण ती आहे म्हणून दिसली, की आपल्याला हवी आहे म्हणून? मधलं बोट बटणावर टेकलेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि करंगळीने ‘इतर’ दाबलं.

पुढे अशा आणखी सहा आल्या. प्रत्येक वेळी मधलं बोट पुढे झालं आणि प्रत्येक वेळी करंगळीने काम केलं. घंटी वाजली तेव्हा भक्षक पेशी होत्या छत्तीस. ‘इतर’ नेहमी एक-दोन असायच्या, त्या आज आठ.

काकांनी आकडा लिहिला आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली. संध्याकाळी घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबले तेव्हा गुडघा ठणकत होता, पण मनात एक कोरडं समाधान होतं. टिकटिककाकांनी स्वतःसाठी आकडा फिरवला असं आता कोणी म्हणणार नव्हतं.

शनिवारी डॉक्टरबाईंनी बोलावून सांगितलं, “काका, वाईट वाटतंय हो. चार कमी पडल्या.”

“असू दे,” काका म्हणाले. “नियमात बसेल तोच बसेल.”

त्यानंतरचे चार महिने फार लांब गेले. गुडघा दर आठवड्याला आणखी थोडा कमी वाकू लागला. काका घरून निघाले की संध्याकाळशिवाय परत वर जात नसत आणि वर गेले की सकाळशिवाय खाली येत नसत. एकदा साखर संपली, तर तीन दिवस त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला. ताई फोनवर खूप बोलायची, आणि तिचं बोलणं संपलं की काका “ठेवतो” म्हणायचे, पण पटकन ठेवायचे नाहीत.

घारी परत आली ती गोल झालेली, झोपेला आलेली आणि आनंदी. तिने जुन्या काचा काढून ठरल्याप्रमाणे पुन्हा वाचायला घेतल्या. काका शेजारच्या टेबलावर. तिची घंटी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं टिकटिक मध्येच थांबलं. तिने ती काच पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग काच आणि वही घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. काकांनी मान वर केली नाही.

दहा मिनिटांनी डॉक्टरबाई स्वतःच आल्या. दार लोटून त्यांनी काकांच्या शेजारचं स्टूल ओढलं.

“काका, हिला त्रेचाळीस मिळाल्या. मीही बघितलं. मलाही त्रेचाळीस.”

“हं.”

“तुमचे छत्तीस. त्यातल्या सात तुम्ही ‘इतर’मध्ये टाकल्यात. मी आकड्याची यादी उघडून पाहिली. तुमचाच गुडघा आहे हा.”

काका चष्मा पुसू लागले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“लाल धागा होता नळीत.”

“मग बाजूला का नाही ठेवलीत? मला एक शब्द सांगायचा! मी कुठून तरी दोन दिवसांत वाचून आणली असती.”

हे काकांना सुचलंच नव्हतं. विचारायला माणूस असतं, हेच त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

“आणि वाचलीत ती वाचलीत,” डॉक्टरबाईंचा आवाज चढला, “दुसऱ्या कोणाच्या या सात पेशी असत्या तर कुठे टाकल्या असत्या?”

“भक्षकमध्ये.”

“मग?”

“माझ्या होत्या म्हणून...” काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

घारी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “काका, तुम्हीच मला शिकवलंत. पेशी कोणाची ते विचारायचं नाही, कसली ते विचारायचं.”

“शिकवणं सोपं असतं गं बाई.”

डॉक्टरबाईंनी मग शांतपणे जे व्हायचं ते सांगितलं. नोंदणी केव्हाच बंद झाली होती, साठ जागा भरल्या होत्या, इंजेक्शनं देऊन झाली होती. मधेच कोणाला घेता येत नव्हतं. निकाल चांगला आला तर पुढचा अभ्यास निघेल, पण त्याला दीड-दोन वर्षं लागतील. आणि झाली गोष्ट कागदावर लिहावी लागेल. काकांनी आजवर वाचलेल्या या अभ्यासातल्या सगळ्या काचा तपासल्या जातील.

“तपासा,” काका म्हणाले. “तपासायलाच हव्यात.”

तपासणीला पाच आठवडे लागले. एकूण एकशे अठरा काचा. एकशे सतरा काचांत काकांचा आकडा दुसऱ्यांच्या आकड्याशी एक-दोनच्या फरकाने जुळला. चुकलेली काच एकच.

घारीने तो कागद काकांपुढे ठेवला. “बघा, एकशे सतरा बरोबर!” तिला वाटलं, काका खूश होतील. काकांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, “बाळ कसं आहे तुझं? वळतंय का पालथं?”

त्याच महिन्यात त्यांनी घर सोडायचं ठरवलं. ताईकडे मात्र गेले नाहीत. ताई चिडली, रडली, मग म्हणाली, “जा, राहा तिथेच तुझ्या पेशींत.” आणि दुसऱ्या दिवशी तिने दोन नव्या चादरी पाठवून दिल्या. डॉक्टरबाईंनी कुठे कुठे शब्द टाकून इस्पितळाच्या आवारात, धुलाईघराच्या मागे, एक खोली मिळवून दिली होती.

सामान न्यायला दोन हमाल आले. तासाभरात घर रिकामं झालं. काका शेवटी उतरले. तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखे थांबले तेव्हा तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाई दार उघडून बाहेर आल्या. अकरा वर्षं त्या खाली आणि काका वर, आणि बोलणं फार तर “पाणी आलं का?” एवढंच.

“निघालात?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मी आत मशीनवर असायचे ना, तुमचं पाऊल इथे थांबलं की मला कळायचं, सहा वाजले. कुकर लावायचे मी.” त्या जरा संकोचल्या. “एकदा वाटलं होतं, खुर्ची ठेवावी दाराबाहेर. तुम्हाला बसायला. पण म्हटलं, तुम्हाला आवडेल न आवडेल.”

“आवडली असती,” काका म्हणाले.

बाईंनी आतून खुर्ची आणली. काका बसले. पाच मिनिटं बसले असतील. मशीनवर एक निळा परकर अर्धा शिवून पडला होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले, कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या आडव्या पायाने उतरले.

आता काका धुलाईघरामागच्या खोलीत राहतात. खिडकीसमोर भिंत आहे आणि दिवसभर वाफेचा वास येतो. सकाळी नऊला ते प्रयोगशाळेत जातात. खोलीपासून टेबलापर्यंत वाटेत एकही पायरी नाही.